पाडव्याला थकबाकीचं पत्र आलं : हाउसिंग असोसिएशनच्या घराचं भाडं

आंबोलीचा_पाऊस | २३ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी इथे वाचते पुष्कळ, लिहिते कधीमधी. आज भाऊबीज, भावाशी व्हिडिओवर बोलताना दोनदा जिभेवर आलं होतं, पण सणाच्या दिवशी त्याला कुठे सांगू म्हणून गिळलं. म्हणून इथे लिहितेय.

मी मूळची दोडामार्गची, नवरा गोव्याचा. सासऱ्यांमुळे त्यांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला, त्यावर २०१४ साली आम्ही इंग्लंडात स्विंडनला आलो. तीन वर्षांपूर्वी माझे मिस्टर गेले. आता मी आणि मुलगा. घर हाउसिंग असोसिएशनचं (कमी भाड्याची घरं देणारी संस्था) आहे, दोन बेडरूमचं. मी एका शाळेच्या किचनमध्ये डिनर लेडी आहे, वर युनिव्हर्सल क्रेडिट (युसी, कमी उत्पन्नाला सरकारी मदत) मिळतं. दोघांनाही सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायम राहायचा हक्क, आहे.

काल पाडव्याला पत्र आलं. १०१८ पौंड थकबाकी, सात दिवसांत संपर्क साधा, नाहीतर घर परत घेण्यासाठी नोटीस देण्याचा विचार करू. आधीही तीन पत्रं आली होती. ती मी उघडली नाहीत. मसाल्याच्या डब्यामागे ठेवली होती. हसू नका.

मला कळत नाही ते हे, की मी एकही महिना चुकवलेला नाही. युसीच्या स्टेटमेंटवर घरासाठी जेवढा आकडा असतो तेवढा दर महिन्याला कोपऱ्यावरच्या दुकानात कार्ड दाखवून रोख भरते. पावत्या आहेत. मग हजार पौंड थकले कुठून? घरातून काढतात का हो? झोप नाही रात्रभर.

---

हाउन्स्लोची_वहिनी | २४ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

अगं बाई, आधी चहा घे. एका पत्राने कोणी घराबाहेर काढत नाही. मी या वाटेने कोर्टापर्यंत जाऊन आलेय, अजून त्याच घरात राहते. ड्यूटीवर निघालेय, संध्याकाळी सविस्तर लिहिते. तोवर स्लाऊच्या काकांना हाक मारते, त्यांचा जन्म गेलाय यात. काका, या!

---

लीड्सकर_०७ | २४ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

कोणाला वाईट वाटेल, पण बोलतो. आम्ही वर्क व्हिसावर, महिन्याला १२०० भाडं भरतो, कर भरतो, आम्हाला सरकारी एक पेनी नाही. ज्यांना स्वस्तात घर मिळालंय त्यांनी निदान भाडं तरी वेळेवर भरावं. एवढंच.

---

स्लाऊचा_काका | २४ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

लीड्सकर, तुमच्याकडे नंतर येतो.

ताई, मी १९ वर्षं एका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, भाडेवसुली खात्यात होतो. पत्रं पाठवणारा मीच असायचो, म्हणून सांगतो. त्या पत्रात 'विचार करू' हा शब्द महत्त्वाचा आहे. ती अजून नोटीस नाही. नोटीस आली तरी तो कोर्टाचा हुकूम नाही. हुकूम झाला तरी दारात बेलिफ (घर खाली करून घेणारा कोर्टाचा माणूस) यायला आणखी एक पायरी लागते. आणि प्रत्येक पायरीवर तुम्हाला बोलायला जागा असते. फक्त बोलावं लागतं. आमच्या ऑफिसात सगळ्यात अवघड केसेस पैसे नसलेल्यांच्या नसायच्या. फोन न उचलणाऱ्यांच्या असायच्या.

आता मला इतकं सांगा : पत्रावर तारीख काय? आठवड्याचं भाडं किती, गेल्या वर्षी किती होतं? युसी कोणत्या तारखेला येतं? दुकानात दर महिन्याला नेमके किती भरता? मुलाचं वय काय? आणि एप्रिलमध्ये युसीच्या जर्नलमध्ये (तुमच्या ऑनलाइन खात्यात) भाडं बदललं का असं विचारणारं टू-डू, म्हणजे करायचं काम, आलं होतं, त्याला उत्तर दिलं का?

पत्राचा फोटो इथे टाकू नका, त्यावर तुमचा नंबर असतो.

---

आंबोलीचा_पाऊस | २४ ऑक्टोबर, दुपारी २:५०

काका, खूप आभार. शाळा सुटली, आताच घरी आले. पत्र २० ऑक्टोबरचं. भाडं आठवड्याला ११५.४३, गेल्या वर्षी ११२.४०. युसी २४ तारखेला, म्हणजे आजच आलंय, अजून भरलं नाही. मेपासून दर महिन्याला ३९४.०५ भरते, त्याआधी ४८७.०७ भरायचे. मला वाटलं सरकारने भाडं कमी केलं. खरंच वाटलं हो.

मुलगा मे महिन्यात २१ चा झाला, गोदामात कामाला आहे.

एप्रिलमध्ये मी गावी होते. आई गेली, तिच्या बाराव्यासाठी. युसीला कळवून गेले होते. टू-डू आलेलं आठवत नाही. आता जर्नल उघडून बघितलं तर ७ एप्रिलचं दिसतंय, लाल.

---

स्लाऊचा_काका | २४ ऑक्टोबर, दुपारी ४:२०

आईबद्दल वाईट वाटलं, ताई.

आता हिशोब. मी कागदावर केला, तुम्हीही वही घ्या.

पहिली गोष्ट एप्रिलची. इंग्लंडात या वर्षी सोशल भाडं, म्हणजे कौन्सिल आणि असोसिएशनच्या घरांचं, २.७ टक्क्यांपर्यंत वाढवता आलं. ११२.४० चे ११५.४३ झाले. युसीला हे आपोआप कळत नाही, भाडेकरूने टू-डूमध्ये नवा आकडा भरावा लागतो. तुम्ही भरला नाही, म्हणून ते जुन्याच भाड्याचे ४८७.०७ धरून बसले. खरे ५००.२० हवे होते. दर महिन्याला १३.१३ कमी. एप्रिल ते सप्टेंबर सहा पेमेंट, झाले ७८.७८.

दुसरी गोष्ट मुलाची, आणि मोठी. घरात २१ किंवा त्याहून मोठं कमावतं (किंवा न कमावतंही) मूल राहत असेल तर युसी असं धरतं की ते भाड्यात हातभार लावणार. त्यासाठी यंदा (२०२५-२६) महिन्याला ९३.०२ कापतात. पोराचा पगार किती हे विचारत नाहीत, सरसकट कापतात. ४८७.०७ मधून ९३.०२ गेले की उरले ३९४.०५. हाच तो तुमचा आकडा! भाडं कमी झालं नाही, तुमच्या मुलाचा वाटा वजा झाला आणि तो कोणी भरलाच नाही. पाच महिने, ४६५.१०.

या दोन्ही मिळून ५४३.८८. मग १०१८ कुठून?

इथे गंमत आहे. तुमचा भाडेकरार आठवड्याचा आणि आगाऊ : दर सोमवारी ११५.४३ खात्यावर चढतात. युसी मात्र महिना सरल्यावर मिळतं. म्हणजे तुमचं खातं रोज कुठल्या ना कुठल्या उणेत असणारच, तुम्ही कितीही सचोटीने भरा. तुम्ही २५ सप्टेंबरच्या सुमारास भरलंत, त्यानंतर २९ सप्टेंबर, ६, १३ आणि २० ऑक्टोबर असे चार सोमवार गेले. चार गुणिले ११५.४३ म्हणजे ४६१.७२. आणि पत्र छापलं नेमकं २० ला, त्या आठवड्याचं भाडं चढल्याबरोबर. आमच्याकडेही पत्रं सोमवारीच निघायची, काय करणार.

५४३.८८ आणि ४६१.७२ मिळून १००५.६०. १०१८ मध्ये १२.४० अजून उरतात. ते कुठले ते मला काही कळेना.

आता तातडीचं. तुमचं घर असोसिएशनचं आहे. कौन्सिलच्या भाडेकरूला न मिळणारी एक वाईट गोष्ट तुम्हाला लागू होऊ शकते, तिला ग्राउंड आठ म्हणतात. आठवड्याचं भाडं असेल तर आठ आठवड्यांची थकबाकी, नोटिशीच्या दिवशीही आणि सुनावणीच्या दिवशीही, असली तर न्यायाधीशाच्या हातात फारसं काही उरत नाही. तुमचे आठ आठवडे म्हणजे ९२३.४४. तुम्ही आज त्याच्या वर आहात. म्हणून आज, उद्या नाही, ५००.२० भरा. ३९४ नव्हे. मग थकबाकी ५१७.८० वर येते आणि ती तलवार बाजूला होते. सोमवारी परत ११५ चढतील, तेव्हा दचकू नका.

फरकाचे १०६ मुलाकडून घ्या.

---

बोरकर_पेडणे | २४ ऑक्टोबर, सायंकाळी ५:०५

आमच्या ओळखीत एकाने मुलगा घरात राहत नाही असं कळवलं, कटिंग बंद झाली. ताई, तुम्ही पण तसं करा, देवाक काळजी.

---

स्लाऊचा_काका | २४ ऑक्टोबर, सायंकाळी ५:२१

अजिबात करू नका. पोराचं बँक स्टेटमेंट, लायसन्स, मतदारयादी, पगाराची स्लिप, सगळीकडे तुमचाच पत्ता आहे. पकडलं की पाच महिन्यांचं नव्हे, सगळं वसूल करतात, वर दंड आणि वेळप्रसंगी खटला. शिवाय तो खरंच बाहेर गेला तर दुसरी बेडरूम 'जादा' ठरून भाड्याच्या रकमेतून १४ टक्के कापतात, बेडरूम टॅक्स म्हणतात तो. दोन्हीकडून मार. बोरकर, असले सल्ले व्हॉट्सअ‍ॅपवर द्या.

---

आंबोलीचा_पाऊस | २४ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१०

भरले. ५००.२०. दुकानातला पटेलभाई म्हणाला, आज जास्त का? मी म्हटलं दिवाळी आहे.

१०६ माझ्याच पगारातून घातले. काका, पोराकडे कसे मागू? बाप गेल्यापासून तो कमी बोलतो. पहाटे चारला उठून जातो, रात्री पाय सुजलेले असतात. आपल्यात आईने मुलाकडून घरात राहायचे पैसे घ्यायचे हे... मला नाही जमत. गावाला कोणाला कळलं तर काय म्हणतील.

ते १२.४० सापडले. जुलैत दुकानात गेले तेव्हा पर्समध्ये ३८१.६५ च होते. पुढच्या आठवड्यात भरीन म्हटलं, ते राहिलंच. म्हणजे काका, तुमचा हिशोब पेनीपर्यंत बरोबर.

---

हाउन्स्लोची_वहिनी | २४ ऑक्टोबर, रात्री ९:४५

ड्यूटी संपली. लिहिते.

आधी मुलाचं. माझ्या मोठ्याला मी सांगितलं तेव्हा मीच रडले, तो नाही. म्हणाला, आई तू आधी का नाही सांगितलंस, मी तर दर महिन्याला शूज घेत बसलो. अगं, पोरांना कळत नाही कारण आपण लपवतो. तो तुला भाडं देत नाहीये, त्याच्या नावाने जे कापलं जातं ते भरून काढतोय. युसीने हिशोबात धरलंय ते त्याने द्यायचं, एवढंच. समोर कागद ठेव, स्टेटमेंटवरची ओळ दाखव.

आता माझं. २०१९ साल. नवऱ्याचे तास कमी झाले, पत्रं आली, मी पण तुझ्यासारखी ठेवली, फक्त माझी फ्रीजवर होती. मग कोर्टाची तारीख आली. गेले. बाहेर बाकावर बसले होते, हातात पिशवी, पिशवीत सगळी पत्रं तशीच बंद. एक बाई आली, कार्ड गळ्यात, म्हणाली मी ड्यूटी सॉलिसिटर, पैसे लागत नाहीत, चला. तिने माझ्याच समोर पाकिटं फाडली. दहा मिनिटांत मला जे दोन वर्षांत कळलं नव्हतं ते कळलं. आत पाच-सात मिनिटं सुनावणी. निकाल : चालू भाडं अधिक थकबाकीपोटी आठवड्याला ३.७० पौंड, जोवर हे भरतेय तोवर घराला हात लावायचा नाही. यालाच सस्पेंडेड ऑर्डर म्हणतात. पण कोर्टाचा खर्च, तीनशेच्या वर, थकबाकीत चढला तो चढलाच. एक फोन केला असता तर तो वाचला असता.

पुढच्या वर्षी सलग दोन हप्ते चुकले आणि बेलिफची तारीख आली. तेव्हा एन २४४ नावाचा फॉर्म भरून परत न्यायाधीशापुढे गेले, थांबवली. हे सांगतेय ते घाबरवायला नाही. दोर शेवटपर्यंत असतो हे कळावं म्हणून.

सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसला जा, शेल्टरला फोन कर, दोन्ही मोफत सल्ला देणाऱ्या संस्था. आता तर २०२३ च्या ऑगस्टपासून इंग्लंड-वेल्समध्ये घर जाण्याचं लेखी पत्र हातात असलं की मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, तुझं उत्पन्न न विचारता. कोर्टाच्या दिवसाची वाट बघायची गरज नाही.

---

स्लाऊचा_काका | २५ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

वहिनींच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन.

ताई, सोमवारी फोन करा. काय बोलायचं ते लिहून घ्या, कारण तिकडून बोलणारी मुलगी भराभर बोलते आणि आपण 'येस येस' म्हणत सुटतो. मराठीत म्हणायचं तर असं : पत्र मिळालं. थकबाकी का झाली ते मला आता समजलंय, भाडेवाढ कळवायची राहिली आणि मुलाचा वाटा कापला जातोय. शुक्रवारी ५००.२० भरलेत. इथून पुढे दर महिन्याला पूर्ण भाडं आणि जुन्या थकबाकीपोटी आठवड्याला ५ पौंड. हे कृपया लेखी पाठवा.

५ पेक्षा जास्त मागतील. '१५ जमतील का?' असं हळू आवाजात विचारतात, आम्हीही विचारायचो. जमणार नसेल तर नाही म्हणा. कोर्टात जाण्याआधी घरमालकाने काय काय करायचं याचा प्री-अ‍ॅक्शन प्रोटोकॉल आहे. त्यात भाडेकरूच्या उत्पन्नाला परवडेल असा हप्ता ठरवायचा हे स्पष्ट आहे. खरी थकबाकी, म्हणजे ५४३.८८ आणि तुमचे जुलैचे १२.४० मिळून ५५६ पौंड, आठवड्याला ५ ने फिटायला दोन वर्षांच्या वर लागतील. लागू देत. १५ कबूल करून तिसऱ्या आठवड्यात मोडलं तर त्यांच्या फायलीत 'करार मोडला' अशी नोंद पडते, आणि पुढे कोर्टात तीच नोंद पहिली वाचतात.

आणि तुम्ही गप्प राहिलात तर काय? ते युसीकडे अर्ज करून थेट कापून घेऊ शकतात. तेव्हा दर तुम्ही ठरवत नाही. मूळ भत्त्याच्या किमान १० टक्के, तुमच्यासारख्या एकट्या बाईला महिना ४० पौंड. पाच पौंड आठवडा म्हणजे महिना २१-२२. फोनची किंमत बघा.

दोन महिन्यांची थकबाकी झाली की भाडं सरळ घरमालकाला जाईल अशी सोयही मागता येते. काहींना ती बरी पडते, हातात पैसा येतच नाही तर जातही नाही. तुम्ही महिना न चुकवणाऱ्या आहात, तुम्हाला तिची गरज मला दिसत नाही.

दुसरा फोन कौन्सिलला. 'माझं घर कौन्सिलचं नाही' म्हणून बहुतेक जण करतच नाहीत, आणि तिथेच फसतात. डिस्क्रेशनरी हाउसिंग पेमेंट, डीएचपी, हे कौन्सिल देतं, घर असोसिएशनचं असो की खाजगी. मुख्य अट ही की तुम्हाला युसीमध्ये घराचे पैसे मिळत असले पाहिजेत. मुलाच्या कटिंगमुळे पडलेला खड्डा हे अगदी नेहमीचं कारण. ऑनलाइन फॉर्म असतो, त्यात महिन्याचा जमाखर्च मागतात. मराठी बायका इथे अन्नाचा खर्च कमी लिहितात, आब राखायला. खरा लिहा. गावी पाठवता ते पैसे लिहू नका असं मी म्हणणार नाही, पण त्यावर प्रश्न येणार हे धरून चाला. इंग्लंडात एप्रिल २०२६ पासून ही मदत क्रायसिस अँड रेझिलियन्स फंड नावाच्या नव्या निधीत जाणार आहे, तेव्हा आताच करा.

तिसरं, जर्नलमध्ये नवं भाडं आजच भरा. मागचे महिने युसी सहसा देत नाही, बदल ज्या महिन्यात कळवला तिथपासूनच धरतात. पण आईचं निधन आणि गावी असणं हे कारण लिहून उशीर माफ करायची विनंती करा. देतील की नाही सांगता येत नाही. मागायला पैसे पडत नाहीत.

---

मीनल_ग्लासगो | २५ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

माहितीपूर्ण धागा. फक्त एक, स्कॉटलंडमधल्यांनी हे जसंच्या तसं उचलू नका. इथे युसी महिन्यातून दोनदा घेता येतं आणि भाडं थेट घरमालकाला द्या असं आपण स्वतः सांगू शकतो, थकबाकी असायची गरज नाही. बेडरूम टॅक्सची रक्कम इथे डीएचपीतून भरून निघते, पण अर्ज करावा लागतो, तो विसरतात लोक. केस शेरिफ कोर्टात चालते, आणि त्याआधी घरमालकाने काय करायचं ते इथे थेट कायद्यातच आहे.

---

खोताची_वाडी | २५ ऑक्टोबर, दुपारी १:१५

मुंबईहून वाचतोय. कौन्सिलचं घर म्हणजे आपलं म्हाडाचं का? आमची गिरगावात पागडीची खोली. भाडं इतकं कमी की मालकाला ते नकोच असतं, त्याला खोली हवी असते. वडील दर महिन्याला मनीऑर्डर करायचे, ती 'नाकारली' शिक्का मारून परत यायची, वडील ती पावती ट्रंकेत ठेवायचे. कारण थकबाकीदार ठरवायचा तोच डाव. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये मालकाला आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावं लागतं, तोवर दावा नाही. ती ट्रंक अजून आहे, शिक्क्यांसकट.

तुमच्याकडे घरमालकच हप्ता ठरवून देतो हे वाचून नवल वाटलं.

---

लीड्सकर_०७ | २५ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

माझ्या कॉमेंटबद्दल. ताई कमावतात, दर महिना भरतात, हे मी नीट न वाचता लिहिलं. सॉरी. पण आमच्या व्हिसावर असं काही झालं तर काय?

---

स्लाऊचा_काका | २५ ऑक्टोबर, सायंकाळी ७:००

मी म्हटलं होतं तुमच्याकडे येतो.

तुमच्या ई-व्हिसात (पूर्वी बीआरपी कार्डावर) 'नो पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत नाही, असं असेल तर युसी, डीएचपी, कमी उत्पन्नामुळे मिळणारी कौन्सिल टॅक्समधली सूट, यातलं काहीही मागू नका, व्हिसा अडचणीत येतो. पण कर्जसल्ला, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, कोर्टातला वकील, कोर्टाचं संरक्षण हे पब्लिक फंड नव्हे. ते तुमचंही आहे. ब्रीदिंग स्पेस नावाची ६० दिवसांची उसंतही. इंग्लंड-वेल्समध्ये मे २०२१ पासून आहे, सल्लागारामार्फत घ्यावी लागते, त्या काळात जुन्या कर्जाचा तगादा थांबतो, चालू भाडं मात्र भरावंच लागतं. आणि प्री-सेटल्डवाल्यांनी (अजून तात्पुरता दर्जा असलेल्यांनी) वरचं वाचून 'आम्हालाही मिळणार' असं गृहीत धरू नये, तिथे राहण्याचा हक्क वेगळा तपासतात. त्यावर हवा तर वेगळा धागा काढा, इथे मिसळू नका.

---

आंबोलीचा_पाऊस | २९ ऑक्टोबर, रात्री ८:२०

सोमवारी फोन केला. हाफ टर्मची सुट्टी होती म्हणून निवांत. २७ मिनिटं गाणं वाजत होतं. मग एक मुलगा आला फोनवर, माझ्या पोराच्याच वयाचा असेल. मी काकांचा कागद वाचला, इंग्रजीत करून घेतला होता. तो म्हणाला, १५? मी म्हटलं नाही, ५. तो थोडा वेळ गप्प, मग कीबोर्डचा आवाज. म्हणाला ओके. लेखी आलंय आज ईमेलवर. नोटीस देणार नाहीत, जोवर हप्ता चालू आहे.

आणखी एक गोष्ट त्यानेच सांगितली. दुकानात रोख भरण्याऐवजी २५ तारखेचं डायरेक्ट डेबिट केलं तर खातं दर महिन्याला एकाच दिवशी खाली येतं आणि पत्रं आपोआप सुटत नाहीत. मी अजून केलेलं नाही. दुकानात जाऊन भरलं की भरल्यासारखं वाटतं.

ती आधीची तीन पत्रं पण उघडली. पहिल्याच पत्रात, जूनच्या, दुसऱ्या पानावर लिहिलंय : 'तुमच्या घरात २१ वर्षांवरील व्यक्ती राहते का? आम्हाला कळवा, मदत करू शकतो.'

मुलाशी बोलले नाही अजून.

---

हाउन्स्लोची_वहिनी | २९ ऑक्टोबर, रात्री ९:००

बोल गं. रविवारी मासे कर आणि जेवताना बोल.

---

आंबोलीचा_पाऊस | ९ डिसेंबर, रात्री १०:०५

उशिरा लिहितेय, माफ करा.

कौन्सिलचं उत्तर आलं. डीएचपी मिळालं, तीन महिन्यांचं, २७९.०६, सरळ भाड्याच्या खात्यात. एप्रिलची भाडेवाढ मागच्या तारखेने द्यायची विनंती मात्र युसीने नाकारली. फेरविचाराचा अर्ज टाकलाय, उत्तर नाही. आता खरी थकबाकी अडीचशेच्या आत आली, सोमवारचे आकडे सोडून.

वहिनी, मासे केले होते. बांगडा मिळाला नाही, मॅकरेलवर भागवलं. स्टेटमेंट ताटाशेजारी ठेवलं आणि ती ओळ दाखवली. त्याने फोनवर काहीतरी पाच मिनिटं केलं, मला वाटलं ऐकतच नाहीये. रात्री बँकेचा मेसेज आला. स्टँडिंग ऑर्डर लावलीय त्याने, दर २३ तारखेला, ९३.०२. मेल्याने वरचे दोन पेन्सपण सोडले नाहीत.

---

स्लाऊचा_काका | १० डिसेंबर, सकाळी ९:१५

हिशोबाचा आहे पोरगा. नव्या वर्षातलं टू-डू एप्रिलमध्ये येईल, पहिल्या सोमवारच्या आसपास, ६ एप्रिल. कॅलेंडरवर आताच लिहून ठेवा. आणि मसाल्याच्या डब्यामागे आता काय ठेवता?

---

आंबोलीचा_पाऊस | १० डिसेंबर, सायंकाळी ४:४०

लिहिलं, कालनिर्णयवर. डब्यामागे आता सोलं आहेत, भावाने पाठवलेली.